हात लागेल त्याला वाटा

उकडलेल्या शिंपल्यातलं मांस कडेपर्यंत पोचलं नव्हतं. शिनाण्याचा शिंपला आतून दुधी पांढरा असतो आणि चांगल्या पोसलेल्या शिनाण्याचं केशरी मांस तो पांढरेपणा जवळजवळ झाकून टाकतं. माझ्या ताटातल्या शिंपल्यात ते मधोमध आक्रसून बसलं होतं आणि भोवती नखाच्या रुंदीची पांढरी पट्टी उघडी पडली होती. मी दुसरा उघडून पाहिला, मग तिसरा.

"खातंस की शाळा घेतंस तेंची?" द्वारकाकाकींनी चुलीवरून टोप उतरवत विचारलं.

"काकी, हे कुठल्या तराफ्याचे?"

"माझेच. मधल्या रांगेतले." माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "बारीक हत, माका काय दिसणा नाय? वाटप जास्त घातलंय म्हणान भरल्यासारके वाटतत. जेव तू."

त्या हिवाळ्यात मी वेळाण्याच्या खाडीवर काम करत होते. आमच्या संशोधन संस्थेनं मला दोन हंगामांसाठी पाठवलं होतं आणि राहायला द्वारकाकाकी कुबलांची पडवी मिळाली होती. त्याला आता बरीच वर्षं झाली. खाडीत तेव्हा गावातल्या बायकांच्या गटाचे तराफे होते. बांबूची चौकट, तिला तरंगत ठेवायला रिकामी पिंपं, आणि चौकटीवरून पाण्यात सोडलेले दोर. दिवाळीनंतर समुद्राकाठच्या कातळांवरून, म्हणजे खडपांवरून, शिनाण्यांचं बी खरवडून आणायचं. बी म्हणजे मुगाएवढी पिल्लं. जुन्या मच्छरदाणीच्या पट्टीत ती दोराभोवती गुंडाळायची. पट्टी कुजेपर्यंत पिल्लं आपल्या तंतूंनी दोराला धरतात. पुढे खाऊ घालावं लागत नाही, राखण करावी लागत नाही. भरतीच्या पाण्यातून अन्न येतं, शिनाणे ते गाळून खातात, आणि पावसाच्या आधी भरलेले दोर वर काढायचे.

काकींनी हे काम चार बायका घेऊन सुरू केलं होतं. मी गेले तेव्हा तराफे सत्तरच्या वर गेले होते. आदल्या वैशाखातच मी त्यांना एकट्यांना गाठून सांगितलं होतं की या खाडीला चाळीसच झेपतात. त्यांनी ऐकून घेतलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "पावसाळो जावंदे." पावसाळा गेल्यावर दसरा आला, मग दिवाळी. दर वेळी त्या म्हणायच्या, "मी सांगतंय बायकांक. तू आधी बोला नको. माझ्या तोंडातसून जावक व्हया ता." आणि आता पौष लागला होता.

जेवण झाल्यावर आम्ही हेमलता गिरकरच्या होडीतून निघालो. हेमलता गटाची सेक्रेटरी. होडी तिची, वल्हं तिचं, आणि होडीत बसलं की बोलणंही बहुतेक तिचंच.

"इली मॅडम आपली पूजेची थाळी घेवन," ती म्हणाली.

माझी थाळी म्हणजे काळ्या-पांढऱ्या रंगाची एक लोखंडी चकती. ती दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी किती गेली ते पाहायचं. खाडीच्या तोंडाशी, जिथे समुद्राचं पाणी आत शिरतं, तिथे ती हातभर खाली जाताच हिरवट पाण्यात बुडून गेली. मग आम्ही तराफ्यांच्या रांगांमधून आत गेलो. शेवटच्या रांगेच्या मागे मी तीच थाळी सोडली. ती खाली खाली जात राहिली आणि तळाच्या चिखलावर जाऊन टेकली. तिथूनही तिचे काळे-पांढरे पट्टे स्वच्छ दिसत होते.

"बघा," हेमलता कौतुकानं म्हणाली, "काच झाली हा पाण्याची. आमच्या लहानपणी असा होता? शिनाण्यांनी खाडी धुवन काढली. रविवारी लोक फोटो काढूक येतत हयसर."

"हेमलताताई, हे पाणी धुतलेलं नाही. खाल्लेलं आहे."

"म्हणजे?"

"तोंडाशी जो हिरवेपणा दिसला ना, तेच त्यांचं जेवण. पहिल्या रांगा जेवतात, मधल्यांना उष्टं मिळतं, आणि इथे नुसतं ताट येतं."

हेमलतानं वल्हं आडवं धरलं. "पयली रांग माझी. सरळ बोला की. दसऱ्याक सगळ्यांसमोर जागेच्यो चिठ्ठ्यो काढल्यो. माझा नशीब उघाडला, तेका मी काय करू?"

"तुमचा दोष नाही म्हणत मी."

"मगे कोणाचो म्हणतास?"

काकी होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, बसून पाण्याकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "तेंका बोलूक दी गो. तू वल्ह्यापेक्षा तोंड जास्त मारतंस."

मी तळाचा चिखल वर काढला. तो काळा होता आणि त्याला नासक्या अंड्याचा वास येत होता. हेमलतानं पदर नाकाला लावला. मी सांगितलं की इतके शिनाणे एकाच जागी खातात आणि त्यांची विष्ठा तराफ्यांखालीच साठते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमजोर भरतीला पाणी नीट खेळत नाही. तशात चैत्र-वैशाखाचं ऊन तापलं तर खालची ही घाण वर येईल आणि पाण्यातला प्राणवायू संपेल.

"म्हणजे जेवचा थंयच आणि परसाकडे बसाचा पण थंयच," हेमलता म्हणाली. मग तिनं विचारलं, "आणि वर इली तर? माझ्या रांगेक काय होणा नाय ना?"

"तेव्हा पहिली रांग आणि शेवटची रांग असं काही राहणार नाही."

आम्ही परत निघालो. वाटेत मधल्या रांगेत एक बाई चौकटीवर वाकून बसली होती. दोर हलके लागतात म्हणून ती दोन दोरांच्या मध्ये तिसरा बांधत होती. सगळ्याच बायका तसं करत होत्या. वजन कमी भरलं की दोर वाढवायचा. काकींनी तिला हाक मारण्यासाठी हात वर केला, आणि तसाच खाली घेतला.

घरी आलो तेव्हा पायरीवर सुगंधा बसली होती. पाण्यानं निथळणाऱ्या दोन गोणी तिच्या शेजारी होत्या. सुगंधा याच गावची लेक. रत्नागिरीकडे दिली होती. नवरा ट्रॉलरवर जायचा, तो एका बंदरात उतरला आणि पुन्हा घरी आला नाही. वर्षभर वाट बघून ती मुलीला घेऊन माहेरी आली होती. आई आणि वडील, बाबल तांडेल, दोघंही आता नव्हते. बंद घर उघडून ती राहिली होती आणि दुसऱ्यांची मासळी साफ करून देत होती.

"काकी, बी आणलंय," ती उठून उभी राहत म्हणाली. "उशिराचा हा, पण चांगला आसा. बघा." तिनं गोणीचं तोंड उघडलं. आत ओल्या शेवाळात हिरवी-काळी पिल्लं चिकटून बसली होती. तिच्या बोटांची टोकं खडपावर घासून सोलवटली होती.

"एकटीच गेल्लंस?" काकींनी विचारलं.

"कोणाक सांगतलंय? ओहोटीक गेलंय, भरतीक इलंय. बांबू मामान दिल्यान. माका फकत जागा दाखवा."

काकींनी गोणीत हात घालून पिल्लं वरखाली केली. खूप वेळ करत राहिल्या.

"उद्या बैठक आसा," शेवटी त्या म्हणाल्या. "उद्या बघूया."

"उद्या म्हणजे उद्याच ना? परवापर्यंत रवाचा नाय ह्या."

"उद्याच. तू गोणींवर पाणी मारीत रव. आणि जेवन जा. शिनाण्याचा सुका हा."

"पोरगी वाट बघता," असं म्हणून ती गोणी पाठीवर घेऊन गेली. पाण्याची ओळ तिच्यामागून पाणंदीत उमटत गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर मी म्हटलं, "काकी, तिला आज सांगायला हवं होतं."

"काय सांगू? तुझ्या थाळयेन नको म्हटल्यान म्हणान?" त्या पायरीवर टेकल्या. "एका तराफ्यान काय होता गो? सत्तरात एक."

"एकानं काहीच होत नाही. सत्तरातल्या प्रत्येकाबद्दल तेव्हा हेच म्हटलं असेल ना?"

त्यावर त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तू रापण बघितलंस?"

मी पाहिली होती. मोठं जाळं होडीनं समुद्रात फिरवून टाकतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून गाव ओढतं.

"रापण ओढताना कोणी विचारणा नाय, तू कोण, खंयची. दोरीक हात लागलो की वाटो गावता. म्हातारी असो, पोर असो, पावणो असो. समुद्र देता, आमी वाटतो. आमच्या गटाची रीत पण तीच. मागणाऱ्या बाईक नाय म्हणाचा नाय. पयल्या दिवशी मीच तसा बोललंय. आजपर्यंत एकीकय नाय म्हटलंय नाय."

"पण रापणीत जाळं एकच असतं," मी म्हटलं. "हात वाढले म्हणून जाळी वाढत नाहीत. इथे प्रत्येक हाताला तुम्ही वेगळं जाळं दिलंत."

काकी उठल्या आणि आत गेल्या. सकाळी चहाचा कप पुढे करत म्हणाल्या, "आज तू आकडो सांग सगळ्यांक. पुढचा मी बोलतंय."

बैठक खाडीकाठच्या खोपीत होती. पूर्वी तिथे रापणीचं जाळं ठेवत. बायका वाळूवर गोलात बसल्या. सुगंधा दाराशी बसली, गोणी बाहेर सावलीत ठेवून. मधून मधून उठून ती त्यांवर तांब्यानं पाणी मारत होती.

मी सांगितलं. पाण्यात किती अन्न येतं, एक दोर किती खातो, चिखल कसा काळा झालाय. आणि चाळीस.

सगळ्या एकदम बोलू लागल्या.

"चाळीस म्हणजे? बाकीचे खंय घालू, चुलीत?"

"शिनाणे अर्धे वाढले हत. आता सोडले तर कोण घेतलो ते चणे?"

"ज्येंचे भरणत नाय तेंनी सोडूचे," हेमलता म्हणाली. "माझे भरतत."

"तुझे भरतत कारण आमचा खातत," मागच्या रांगेची एक बाई म्हणाली. "पुढल्या दसऱ्याक चिठ्ठी माझी येवंदे, मगे बघ."

"पुढल्या दसऱ्यापर्यंत शिनाणे रवले तर," काकी म्हणाल्या. आवाज त्यांनी चढवला नव्हता, तरी बायका त्यांच्याकडे वळल्या. "माझा आयका. काल रात्रभर माझ्या डोक्यात एकच होता. रापणीत जाळा एक आणि वाटे सगळ्यांक. तसा करूया? तराफे चाळीस ठेवूया आणि ते कोणाचेच नाय. दोर सगळ्यांचे, काम सगळ्यांचा, आणि वाटे सारके. ही दाराकडे बसली हा, तिका पण."

काकी एकेकीकडे बघत गेल्या. ज्या बाईकडे त्या बघत ती वाळूत बोटानं काहीतरी करू लागे. माझ्या शेजारची बाई पुटपुटली, "घरात इचारूक व्हया." दुसरी म्हणाली, "माझ्या बांबूचा कर्ज माझ्या घोवाच्या नावार आसा."

"कोणी बोलाचा नाय तर मी बोलतंय," हेमलता म्हणाली. "काकी, रापणीचा जाळा एका मालकाचा होता. हयसर प्रत्येकीन आपले बांबू आणले, आपली पिंपा आणली. मी माझे दोर वाटूचंय नाय. ह्या पण वाटूच्यो नाय, फकत सांगूक लाजतत." मग तिनं दाराकडे मान वळवली. "आणि तराफे कमी करूचो इषय चललो हा, आणि ती गोणी घेवन बसली हा. तिका कित्याक बोलावलास? बाबल तांडेलाचा चेडू म्हणान?"

सुगंधाच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"होय," काकी म्हणाल्या. "बाबल तांडेलाचा चेडू म्हणानच."

त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि मग सांगितलं. त्या कोणाकडे बघून सांगत नव्हत्या.

"माझो घोव गेलो तेव्हा माझो झिल अंगावर पित होतो. दिरान भाकरी बंद केल्यान. महिन्याभरान मी रापणीर गेलंय. तेव्हा वाट्याची रीत होती ती बापयांची. पांढऱ्या कपाळाची बाई दोरीक नको, मासळी पळता, असा म्हणत. मी लांब वाळूत उभी रवलंय. कोणी बघणा नाय. बाबल तांडेल रापणीचो म्होरक्यो. तो दोर सोडून माझ्याकडे इलो, माझ्या काखेतसून झिलाक घेतल्यान आणि म्हणालो, 'तू ओढ, ह्येका मी धरतंय.' त्या दिवशी वाट्यात माका जितकी मासळी आली तितकी आजून कोणी दिली नाय. तेच्या मागसून ह्या गावात बाईचो हात दोरीक लागूक लागलो. तुमच्यातल्या किती जणींच्या आयांनी ओढली रापण, आठवा."

हेमलता खाली बघत म्हणाली, "माझ्या आयेन पण."

"गेल्या वैशाखापासून ह्या बाय माका सांगता. मी पुढे ढकलीत गेलंय. माका वाटला, माझ्या तोंडात 'नाय' हो शब्द येवचोच नाय." त्यांनी श्वास घेतला. "माझे तीन तराफे उद्याच सोडतंय. माझो झिल गोव्याक बोटीर आसा, माका दोन घास घालीत. मगे आठ दिवसांत प्रत्येकीन तिनातलो एक सोडूचो. पयल्या रांगेपासून. हेमलता?"

हेमलता म्हणाली, "तुमी तिनय सोडतलात, मगे मी एक धरून बसलंय तर लोक माका काय म्हणतीत?"

"लोक जावंदे. तू काय म्हणतंस?"

"सोडतंय. शिरा पडो त्या चिखलार. सोडतंय."

खोपीत एकदम सैलपणा आला. कोणी नाक शिंकरलं, कोणी हसलं. शेवटच्या रांगेच्या बाईनं हेमलताच्या पाठीवर थाप मारली. आणि हेमलताच, जणू मघाचं बोलणं पुसून टाकायचं म्हणून, दाराकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "मगे झाला की. काकींची जागा मोकळी झाली, ती सुगंधाक देवया. तिचे बांबू कशाक, काकींचेच तराफे घेवंदे. बाबल तांडेलाचा देणा पण फिटला. उठ गो, बी बांधूक घेवया, आमी सगळ्यो येतो."

"होय होय," चारपाच जणी म्हणाल्या. बायका वाळू झटकत उठू लागल्या. सुगंधा उभी राहिली. तिनं दोन्ही गोणी उचलून काखेत धरल्या. पाणी तिच्या साडीवरून ओघळत होतं आणि ती हसत होती. ती आल्यापासून मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहत होते.

काकी उठल्या नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाय," त्यांनी हळू विचारलं, "तशान चलात?"

बायका थांबल्या. मला सुगंधाकडे बघायचं नव्हतं, तरी मी बघितलं.

"नाही," मी म्हटलं. "त्यांचे तीन मोजूनही आकडा अजून चाळीसच्या वरच राहतोय. त्या जागी दुसरे आले तर पाण्याच्या दृष्टीनं काहीच बदललं नाही."

"मॅडम, एक तराफो," हेमलता म्हणाली. "एकच. पोरीकडे बघा."

"मी बघतेय."

"काकी, तुमी सांगा तेंका. तुमचीच जागा ती. तुमी कोणाकय देवक शकतास."

काकींनी दोन्ही तळहात वाळूवर टेकले आणि उठल्या. गुडघ्यांना त्रास होता, वेळ लागला. कोणी हात दिला नाही, कारण त्या काय करणार हे कोणालाच कळत नव्हतं. त्या दारापर्यंत चालत गेल्या. सुगंधाच्या काखेतली एक गोणी त्यांनी काढून आपल्या हातात घेतली. सुगंधाला वाटलं, त्या मदत करताहेत. ती म्हणाली, "काकी, जड आसा, मी घेतंय."

"ह्या बी संध्याकाळच्या ओहोटीक खडपार परत नेवन घाल," काकी म्हणाल्या. "मी येतंय तुझ्यावांगडा."

"खडपार? मगे तराफो?"

"माझी जागा रिकामी रवतली, सुगंधा. तुका तराफो गावचो नाय."